हाताची चव

पोरीच्या हातचा चहा प्यायल्याशिवाय तेरच्या कस्तुराबाई सून पसंत करणार नव्हत्या, हे सगळ्या सोयऱ्यांना ठाऊक होतं. एका पोरीनं आलं घालताना दूध नासवलं, दुसरीनं चहा उकळूच दिला नाही. दोन्ही स्थळं बशी खाली ठेवता ठेवता मोडली. वाशीला राजनंदिनीच्या घरी मात्र त्यांनी बशीतला शेवटचा घोट फुरकून घेतला आणि म्हणाल्या, "हाताला चव हाय. पोरगी आमची झाली."

तो चहा राजनंदिनीच्या वडिलांनी केला होता. स्टँडसमोर त्यांचं चहाचं हॉटेल. पोरीला त्यांनी कधी पातेल्याला हात लावू दिला नव्हता. बघण्याच्या दिवशी तिनं ट्रे तेवढा धरला होता.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी ती जीव मुठीत धरून स्वयंपाकघरात गेली, तर गॅसपुढं सासरे, बलभीमराव, आलं ठेचत उभे. तिला रडूच फुटलं.

"मामा, तो चहा माझा नव्हता. पप्पांनी केलता. मला लई भ्याव वाटतंय. मामींना कळलं तर?"

बलभीमरावांनी आतल्या खोलीकडं एक नजर टाकली, उकळी फुटलेल्या चहात आलं सोडलं आणि आवाज खाली आणला.


"हळू बोल, पोरी. तुझ्या सासूला बघायला गेलतो, तवाचा चहा बी तिच्या बापानंच केलता. लग्नापासून इथं मीच करतोय."