तिसरा पिकअप

“सायली, आज तू गा,” कॅनडा कॉर्नरच्या गिटारच्या दुकानात रविराज म्हणाला. लग्न झाल्यापासून हे त्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती.

गिटारच्या तारांखालचा, त्यांची कंपनं पकडणारा हंबकर पिकअप बदलायचा होता. कारागिराने एक नवा पिकअप ॲम्पला जोडला. तिने लाजत पिकअपजवळ तोंड नेलं, आणि ॲम्पमधून तिचाच आवाज घुमला. दुसऱ्यातूनही आला, जरा बारीक. ती खुलली. तिसऱ्यावर तिने जीव ओतून वरचा सा लावला.

ॲम्प गप्प.

“अजून मोठ्याने, राणी!”

ती गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत गायली. ॲम्प गप्पच.

रविराज खूश झाला. “हाच बसवा, दादा. घरी रेकॉर्डिंग करताना हिचा आवाज मध्ये येतो.”