कडेची खोली

"डाळ नव्हे, आमटी," दिनानाथ फोनकडे बघत पुटपुटले. "चिंचगुळाची आमटी असायची. माहीत नसलं तर लिहू नये माणसानं."

त्यांच्या पत्नी वृंदाताई शेजारी गवार मोडत बसल्या होत्या. आता कुणी काय लिहिलं, असं त्यांनी वर न बघताच विचारलं.

"तेच ते. 'कडेची खोली'."

'आमची कॉलनी' हा फेसबुकवरचा ग्रुप दिनानाथांनीच निवृत्तीनंतर सुरू केलेला. अंबरनाथच्या फॅक्टरी कॉलनीत दिवस काढलेली माणसं आता बदलापूरपासून बंगळुरूपर्यंत पांगली होती. ती तिथे जुने फोटो टाकत. गणपतीतली नाटकं. भोंगा झाला की एकदम रस्त्यावर येणाऱ्या सायकली. क्वार्टरमागचा शेवगा, ज्याच्या शेंगा कुणाच्या यावरून दोन घरं वर्षभर बोलत नसत. बायका बहुतेक पाककृती टाकत, नाहीतर सकाळची फुलं. छान चाललं होतं.

मग एकानं मुंबईतल्या समलिंगी लोकांच्या मोर्चाचा फोटो टाकला आणि खाली घाणेरडा विनोद केला. पुष्कळ जण हसले. तेव्हा 'कडेची खोली' नावाच्या, चेहरा नसलेल्या खात्यावरून उत्तर आलं : हसा, पण आपल्या कॉलनीतही अशी माणसं होती. तुम्ही त्यांच्या हातचं जेवला आहात.

तेव्हापासून त्या खात्यावर काही ना काही येत राहिलं. शिवमंदिराच्या जत्रेतून डबलसीट परतणारे दोघं. एकाच दोरीवर वाळणारे दोघांचे शर्ट. आजचं असं होतं :

"कडेच्या खोलीत दोन बॅचलर राहत. एक डाळ निवडी, दुसरा फोडणी देई. कॉलनी त्यांना राम-लक्ष्मण म्हणे. एकदा तसं म्हटलं की पुढचं काही बघावं लागत नसे. मग एकाची जबलपूरला बदली झाली. दुसऱ्यानं घरच्यांचं ऐकलं. त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. आज तशी पोरं उघड हक्क मागतायत, तर आपण निदान दात काढू नयेत."

दिनानाथांनी ते पुन्हा वाचलं. लग्नाआधी तेही त्याच लाइनीत राहत, त्यामुळे कुणाच्या स्टोव्हवर काय शिजे ते त्यांना पाठ असणारच.

खाली शिव्या होत्याच. पण उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून कौसाबाईंनीही लिहिलं होतं. माझा भाचा तसाच आहे, माझ्याच घरी जेवतो, कुणाला काही म्हणायचं असेल तर जेवायला या आणि माझ्या तोंडावर म्हणा. त्याखाली लाल बदामांची रांग लागली होती.

अडचण एवढीच, की सगळ्यांचा संशय गंधारवर होता.

गंधार त्यांचा एकुलता एक मुलगा. चाळिशीला टेकलेला, बिनलग्नाचा, बदलापूरच्या मांजर्लीत एकटा राहणारा, कॉम्प्युटरवाला. शिवाय त्या खात्यावरचा प्रत्येक मजकूर तो स्वतःच्या नावानं पुढे पाठवी. मग दिनानाथांना फोन येत. तब्येतीची चौकशी होई, पावसापाण्याचं बोलणं होई, आणि शेवटी कुणीतरी म्हणे, पोराकडे जरा लक्ष असू द्या. शब्द कुणी उच्चारत नसे. घरातही त्याला 'तो विषय' म्हणत.

रविवारी दिनानाथांनी त्याला जेवायला बोलावलं आणि पानं घ्यायच्या आधीच विषय काढला. ग्रुपवर लिही, हे माझं नाही आणि या लोकांशी माझा काही संबंध नाही. एवढं लिही, म्हणजे झालं.

गंधार आधी हसला.

"मी लिहीत नाही, बाबा," तो म्हणाला. "आणि मी तसाही नाही. तुम्हाला म्हणून सांगतो. पण ग्रुपवर नाही सांगणार."

"का?"

"मी हात झटकले की जो कोण लिहितोय तो एकटा पडेल."

"म्हणजे तुझंच आहे ते."

"तसं समजा."

"मग या घराची पायरी चढू नकोस," दिनानाथ म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, म्हणूनच ते खरं वाटलं.

गंधार चपला घालायला वाकला. वृंदाताई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी त्याच्या हातात पिशवी दिली.

"खालून दही आण. आणि परत ये."

त्यानं आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं नाही, आणि जिना उतरला. वृंदाताईंनी दार लोटलं.

"त्याला घालवू नका," त्या म्हणाल्या. "ते मी लिहिते."

दिनानाथ बायकोकडे बघत राहिले. अळूवडीची कृती टाकणारी, टायपिंग येत नाही म्हणून फोनशी बोलून मजकूर उमटवणारी बाई. ते खुर्चीत बसले. राग आवरायला त्यांना कारण हवं होतं आणि त्यांच्या मते ते सापडलं.

"आईचं काळीज," ते हळूच म्हणाले. "पोरासाठी कुठवर जाशील? आणि तो तर म्हणतो, तसा नाहीच."

"नाहीच आहे तो," वृंदाताई त्यांच्यासमोर बसत म्हणाल्या. "त्याच्यासाठी कुठं लिहिते मी? मी तुमच्यासाठी लिहिते."