दुसऱ्या कॅसेटमधली बाई

शांती नगरातल्या जितेंद्रने मागच्या रविवारी, ज्यात मढी उठून माणसं खातात त्या जुन्या, काळ्या-पांढऱ्या पिक्चरची कॅसेट आणली होती. आज आणली त्याच गोष्टीवर नव्याने काढलेली, रंगीत. ती संपली तसा तो बायकोवरच उखडला, जसा काही पिक्चर ममतानेच काढला होता.

"पार वाट लावली. जुन्यातली कशी घाबरून सोफ्यावर बसून राहते. बाईमाणूस तसंच वागणार ना? ही बंदूक घेऊन निघाली बाहेर."

"बाहेर पडली म्हणून तर वाचली," ममता म्हणाली.

"टोमणे कळतात मला. तुझ्या त्या काशीमीऱ्यातल्या नोकरीला मी एकदा नाही म्हटलं ना? विषय संपला."

मटार सोलत बसलेल्या गिरिजाबाईंनी मान वर केली. "जितू, ही तीच ना रे? मागच्या रविवारची, सोफ्यावरची? उठली वाटतं एकदाची."

"नाही गं आई. गोष्ट तीच, बाई दुसरी."

"म्हणजे त्या पहिलीला बसवूनच ठेवलं मेल्यांनी?"

"आई, पिक्चर आहे तो. तू कशाला एवढी चिडतेस?"

गिरिजाबाईंनी मटारची परात त्याच्या मांडीवर ठेवली.

"हे सोल. ममता उद्यापासून कामावर जाणार आहे. तुझ्या बापालाही बसून राहणारीच आवडायची, जितू. आमच्याकडे सोफा नव्हता, एवढाच फरक."