अखाजीच्या घागरी

बिबडं, म्हणजे ज्वारीचा पापड, वाळताना आधी त्याची कड सुटते. मधला भाग सगळ्यात शेवटी. दिपालीने एक उचलून पाहिलं. मध्यभागी बोटाला अजून गार ओल लागत होती. तिने ते उलटं करून पुन्हा अंगणातल्या खाटेवरच्या लुगड्यावर ठेवलं आणि दुसरं उचललं.

"वहिनी, बिबडा शेतस ह्या, रक्त नही," ममता म्हणाली. "एकेक तपासशी तर पुढली अखाजी उजाडी."

दिपाली हसली. ममता तिची धाकटी नणंद, अखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, सुरतेहून पोरांना घेऊन माहेरी आलेली. दिपाली यंदाच्या उन्हाळ्यात तळोद्याला रक्ततपासणीच्या कामावर लागली होती. सकाळची बस, पुढे जीपने डोंगरातले पाडे, संध्याकाळी परत. घरी आलं की पापड, पाहुणे, पोरांची भांडणं. बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली तर तेवढा वेळ तिचा. त्या वेळात ती मोबाइलवर एक गोष्ट लिहीत होती. जेवढी होईल तेवढी ममताला पाठवत होती.

ओसरीत सासूबाई, तापीबाई, नव्या घागरी पाण्याने विसळत बसल्या होत्या. घागरी तीन. दोन त्यांच्या सासू-सासऱ्यांच्या नावाच्या. तिसरी प्यायच्या पाण्याला, असं त्या दरवर्षी कुंभारणीला सांगत. दरवर्षी ती कोपऱ्यात कोरडीच राही.

अखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात आणि वर त्याच्या आवडीचं फळ ठेवतात. तापीला पूर येणार म्हणून धीरज, दिपालीचा नवरा, नदीतली पाण्याची मोटार काढायला गेला होता. मोटार सापडली. धीरज सापडला नाही. त्यानंतर कितीतरी अखाज्या झाल्या, पण त्याची घागर भरली गेली नव्हती. भरली म्हणजे तो गेला. मग दिपालीच्या कपाळावरच्या कुंकवाचंही काहीतरी ठरवावं लागलं असतं. म्हणून सासरे दरवर्षी विचारत, "कितल्या भरू?" आणि तापीबाई म्हणत, "दोनच." त्या वेळी दिपालीकडे कोणी पाहत नसे. तीही काही बोलत नसे.

"पन एक सांग वहिनी," ममता बिबडी उलटता उलटता म्हणाली, "त्या मानूसले कितला दिन दारमा उभा ठेवशी? पाय दुखतीन त्याना. मझार तरी येऊ दे त्याले."

विसळण्याचा आवाज थांबला.

"कोन उभं शे दारमा?"

तापीबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढत अर्ध्या उठल्या होत्या. नजर फाटकाकडे. फाटकात नुसतं ऊन होतं. ममताने जीभ चावली.

"गोष्टमा, आत्या," दिपाली म्हणाली. "मी लिखी ऱ्हायनू त्या गोष्टमा."

तापीबाई लगेच खाली बसल्या नाहीत. पदराचं टोक त्यांच्या मुठीतच होतं.

"मंग त्या गोष्टमा तरी येस का तो घर?"

"दारलगून येस."

"मंग?"

दिपालीने खाटेची कड धरली. "मंग माले लिखता येत नही, आत्या. तो 'माय' म्हनस का, पानी मांगस का, काय बोलस... माले त्याना आवाजच आयकू येत नही. बसमा डोया मिटीसन दखस. नही येत."

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ममतालाही नाही. ममता खाली मान घालून लुगड्याची सुरकुती सरळ करू लागली. सुरकुती निघाली, तरी ती हात फिरवत राहिली.

तापीबाई पाटावर टेकल्या. घागरीच्या काठावरून त्या बोट फिरवू लागल्या.

"माले येस आयकू," त्या म्हणाल्या. "पन ल्हानपनना. शाळामातून येवावर भूक भूक करे ना, तो. मोठा व्हयना तवना आवाज आते मालेबी येत नही."

शेजारच्या लिंबाला झोका बांधला होता. तिथून पोरींचं गाणं येत होतं. मध्येच कुणाचा तरी शब्द चुकला, आणि सगळ्या खिदळल्या. ममताची पोरगी फाटकातून आत डोकावली, "माय, चाल ना वं झोकावर," म्हणाली, आणि पुन्हा झोक्याकडे पळाली.

देवघराशी रतिलाल, सासरे, धोतराचा सोगा खोचून तयार होते. डांगरं म्हणजे खरबुजं आणि आंबे त्यांनी ताटात काढून ठेवले होते.

"ममतानी माय," त्यांनी आतून हाक मारली, "ऊन चढनं वर. कितल्या भरू?"

तापीबाईंनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, रतिलालांच्या या प्रश्नाला उत्तर देण्याआधी, त्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. त्या पाहण्यात विनवणी होती, पण कशाची, ते दिपालीला कळेना. हो म्हण की नको म्हण.

"अवं, कितल्या?"

दिपालीने हात पुसले आणि ती ओसरीच्या पायरीशी आली.

"तीन भरा, आबा," ती म्हणाली. "तिसरीवर डांगर नको. आंबा ठेवा."