खड्ड्याच्या तळाशी

अँडीजमध्ये वादळ आठवडाभर घुमत होतं. उतार कोसळेल का, हे जोखायला नेलिदानं बर्फात खड्डा खणला, त्याच्या भिंतीतून एक खांब कापून काढला आणि माथ्यावर फावडं टेकवून थापा दिल्या. मनगटातून दिल्या, काही नाही. कोपरातून दिल्या, काही नाही. खांद्यातून पहिलीच बसली आणि खांब मधोमध सटकला.

"उतार बाद!" वरून तिचा सोबती ओस्वाल्दो ओरडला. "चल गं, येर्बाचा चहा निवतोय. बर्फाशी संसार थाटायचाय का?"

तेवढ्यात खड्ड्याच्या तळातून हलक्या थापा आल्या.

"वाजवतोयस कशाला?"

"मी? हात खिशात आहेत माझे."

निघायचं सोडून नेलिदानं तळाला कान लावला. खालून कुणीतरी सरावलेल्या हातानं थापा देत होतं. आधी मनगटातून. मग कोपरातून.

थापा थांबल्या.

आता खांद्याची पाळी होती.