रामाजींचा लाल टॅग

"नो सिग्नल." पडद्यावर दोन शब्द उमटले आणि पडदा काळा झाला.

"मेला तुहा कंप्युटर," रामाजी बायकोला म्हणाले. "नवा मॉनिटर चांगला हाय, मी कालच सोता पाहून आनला. पेटीच गेली. भंगारात दे."

त्यांनी खिशातून लाल टॅग काढला आणि सीपीयूच्या पेटीच्या वायरला दोरीनं बांधला. 'बंद. हात लावू नये. – रामाजी.' पस्तीस वर्षं ते स्टील प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला, मोजमापाच्या यंत्रांवर होते. तिथला नियमच तसा. मशीन बंद करून कामाला लागायचं तर आपल्या नावाचा टॅग बांधायचा, आणि ज्यानं बांधला त्यानंच खोलायचा. दुसऱ्यानं खोलला तर आत हात घातलेला माणूस जातो. नोकरी सुटली, पण टॅग काही सुटले नाहीत. बोरसीच्या घरात मिक्सर, गिझर, झोपाळा, सगळ्यांना एकेकदा लागून झाले होते. त्यांच्या बायकोनं, सिंधुताईंनी, एकही कधी खोलला नव्हता.

पण आज सिंधुताईंचा जीव कासावीस झाला होता, कारण त्या पेटीत त्यांनी लिहिलेलं नाटक होतं. घरातल्या वस्तूंना टॅग बांधत सुटलेला आणि शेवटी बायकोच्या बोलण्यालाही टॅग लावणारा नवरा, असं ते नाटक. तीन वर्षांपूर्वी लिहिलं आणि एकट्या रामाजींना वाचून दाखवलं. "बरं हाय," एवढंच बोलून ते कुंड्यांना पाणी घालायला गेले होते.

आणि यंदा गणपतीत मंडळाच्या स्टेजवर तेच नाटक! शब्दन् शब्द तोच. लेखिका म्हणून नाव मात्र त्यांच्या मैत्रिणीचं, जयाचं. फरक एवढाच, की नाटकातला नवरा रेल्वेतला गार्ड झाला होता आणि टॅगच्या जागी त्याच्या हातात लाल झेंडी आली होती. जयाचा नवरा भय्याजी खरोखरच गार्ड. लोक त्याच्याकडे वळून वळून हसत होते. रामाजी तर मांडी थोपटून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

सिंधुताईंनी चारचौघांत जयाला जाब विचारला. तीस वर्षं जिच्याबरोबर पापड लाटले, ती म्हणाली, "पुरावा आन, नाही तं माफी माग." उद्या पाचला मंडळाची सभा होती. त्यानंतर नाटक जयाच्या नावानं स्मरणिकेत छापायला जाणार होतं.

रामाजी फिरायला गेले तशी सिंधुताईंनी दोरीची गाठ सोडली. टॅग पर्समध्ये टाकला आणि पेटी, मॉनिटर, दोन्हींच्या मधला अ‍ॅडॉप्टरचा जोड, सगळं ऑटोत घालून सुपेल्याच्या बाजारात नीतूच्या कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेलं.

नीतूनं पेटी स्वतःच्या मॉनिटरला लावली. लगेच पडदा उजळला.

"काकू, पेटी तं एकदम बढिया हाय!"

"मंग घरी कावून नाही लागत?"

"तुमचा मॉनिटर निस्ता डिजिटल सिग्नल घेते. पेटी जुनी, ते अ‍ॅनालॉग देते. मधात पावरवाला कन्व्हर्टर लागते, साध्या जोडानं होत नाही." तिनं जोड उलटा करून पाहिला. "अन् हे पाहा. इथं चार पिना पाहिजे. अ‍ॅनालॉगचं पिक्चर त्याच्यातूनच जाते. मॉनिटरमध्ये त्याले छेदच नाही, म्हनून कोनी तरी कापल्या अन् जोड घुसवला."

"न समजून कापल्या असतीन."

"न समजनारा ठोकून तोडते, काकू. हे कापून वरून घासलं हाय. कोई जानकार आदमी है."

सिंधुताईंनी बोट फिरवलं. कापलेली जागा गुळगुळीत होती, कुठं टोचत नव्हती. घरात रामाजींनी कापलेली प्रत्येक तार अशीच कानशीनं घासलेली असायची. आणि अ‍ॅनालॉगचं डिजिटल करणं हेच तर त्या माणसाचं पस्तीस वर्षांचं काम. अगं बाई!

नीतूनं फाईल उघडली. तीन वर्षांपूर्वीची तारीख, वर 'सिंधुताई' नाव. तिच्याखाली आणखी एक फाईल होती, सिंधुताईंनी कधी न केलेली. तेच नाटक, गार्ड, झेंडी, वर जयाचं नाव. तारीख यंदाच्या आषाढातली. तेव्हा त्या आठ दिवस नागपूरला, लेकीकडे होत्या. म्हणजे जयानं काही उचलून नेलं नव्हतं. तिला ते घरपोच मिळालं होतं. त्यांच्याच घरून.

दोन्हींच्या प्रती काढून त्या परतल्या, तेव्हा रामाजी रिकाम्या टेबलापाशी उभे होते.

"टॅग कोनं खोलला?" ते ओरडले.

सिंधुताईंनी दोन्ही प्रती टेबलावर ठेवल्या. रामाजींनी वरची पानं पाहिली आणि खुर्चीवर बसले.

"पिना कापल्या, पन फाईल मिटवली नाही मी, सिंधू. तेवढा पापी नाही," ते म्हणाले. "तूच एक दिवस नाटक मंडळाले दिलं असतं. सारे म्हनले असते, रामाजी घरात असाच हाय. माह्यं नाव गेलं असतं. म्हनून जयाले दिलं. जया म्हनली, माह्या नावानं करतो, भय्याजीले काही वाटत नाही."

"अन् तुमी मांडी थोपटून हसले."

सिंधुताईंच्या डोळ्यांना धार लागली होती, ती त्यांनी पुसली नाही. पर्समधला लाल टॅग काढून त्यांनी प्रतींवर ठेवला.

"पस्तीस वर्षांत दुसऱ्याच्या नावाचा टॅग तुमी किती वेळा खोलला?"

"एकदाही नाही," रामाजी हळूच म्हणाले. "मानूस मरते."

"मंग नाटकावरचं माह्यं नाव कसं खोललं?"