हिरवी खाडी

वाऱ्याने दार आपटलं, तशी मंजुळेने मोबाईल पुन्हा पाहिला. उपग्रहाच्या नकाशावर खाडीकाठ हिरवागार होता आणि खाली तोच निरोप होता: कांदळवन निरोगी, घरीच थांबा.

खरं तर कांदळवन कधीच वाळून गेलं होतं. पण नकाशावर वाळक्या झाडांचा लाल डाग दिसला की धोक्याची जागा म्हणून सरकार गाव कायमचं उठवायचं. म्हणून कोळीवाड्याने जुन्या जाळ्यांवर शेवाळ वाढवलं आणि ती वाळक्या झाडांवर पसरून फांद्यांना बांधली. भरतीच्या पाण्यावर शेवाळ जिवंत राहायचं, त्यामुळे उपग्रहाला ती पानंच वाटली. सगळ्यात घट्ट गाठी मंजुळेच्या होत्या.

आज वादळात शेजारच्या गावांना न्यायला बस आल्या, इथे एकही आली नाही. तिने मदतकेंद्राला फोन लावला.

"लाटा गावात शिरल्यात. झाडं मेलीत हो सगळी. वर आम्ही नुसती जाळी टाकलीत."

"घाबरू नका, ताई," पलीकडची मुलगी समजुतीने म्हणाली. "मी नकाशा बघूनच बोलतेय. तुमच्याइतकं दाट कांदळवन अख्ख्या किनाऱ्यावर नाही. ते लाटा अडवेल."

दाराखालून पाणी आत आलं. त्याबरोबर जाळ्याचा एक हिरवा तुकडा वाहत आला. त्याला बांधलेली वाळकी फांदी झाडापासून तुटून आली होती, पण मंजुळेची गाठ सुटली नव्हती.